पासवर्ड बदलला, तरी विद्यार्थ्यांची उत्तरं मला दिसत नाहीत

रसायन_प्रयोगशाळा

नमस्कार. मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, सोळा वर्षं झाली. द्रावणं तयार करणं, ब्युरेट-पिपेट वाटणं, तुटफुटीची वही, जर्नलं गोळा करणं हे माझं काम. संगणक येतो तो मेल आणि साठ्याची यादी एवढ्यापुरता. कुठला तपशील उपयोगाचा आहे ते मला समजत नाही, म्हणून घडलं तसं सगळंच लिहिते.

मागच्या बुधवारी परीक्षेची प्रॅक्टिकलं चालू होती. दुसरी बॅच आत यायला दहा मिनिटं होती तेव्हा मोबाइलवर मेल आला : तुमचा मेलबॉक्स 98 टक्के भरला आहे, आज पाचच्या आत खात्याची पडताळणी केली नाही तर नवे मेल येणं बंद होईल. माझा मेलबॉक्स खरोखरच भरत आलेला असतो, कारण जर्नलच्या पानांचे फोटो मुलं मेलवरच पाठवतात. मी बटण दाबलं. कॉलेजचं बोधचिन्ह, नेहमीचा निळा रंग, माझा पत्ता आधीच भरलेला. पासवर्ड टाकला. ओटीपी आला, तोही टाकला. आणि माझा मेलबॉक्स उघडला. खराखुरा, माझ्या सगळ्या मेलांसकट. मग शंका कशाची घ्यायची? मोबाइल खिशात ठेवला आणि बॅच आत घेतली.

सोमवारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, ते काम कधी सुरू होणार?" मी विचारलं, कुठलं काम? तिनं मोबाइल पुढे केला. माझ्या नावानं, माझ्याच कॉलेजच्या पत्त्यावरून गेलेला मेल होता. एका संशोधन प्रकल्पासाठी घरबसल्या आकडेवारी भरायचं काम, आठवड्याला सहा तास, जागा मोजक्या, इच्छुकांनी आपला खासगी मेल आणि मोबाइल नंबर कळवावा. पुढचं बोलणं मोबाइलवर झालं. प्रशिक्षणाच्या साहित्यासाठी अनामत भरा, पहिल्या मानधनात परत मिळेल. तिनं भरली. मग आणखी एक अनामत मागितली, तीही भरली. परीक्षेच्या फीसाठी बाजूला काढलेले पैसे होते ते.

मी त्याच तासाला पासवर्ड बदलला आणि संगणक विभागात सांगितलं. तिथे उत्तर मिळालं की पासवर्ड बदललात ना, मग आता काळजी नको. पण दोन गोष्टी मला झोपू देत नाहीत. एक तर किमान पाच-सहा मुलं म्हणतात की त्यांनी त्या मेलला उत्तर दिलं होतं. माझ्याकडे एकही उत्तर आलेलं नाही. आजही नाही. एका मुलाला मी समोर बसवून मेल पाठवायला लावला, "ते कामाचं काय झालं" असा. तोही आला नाही. ती उत्तरं जातात कुठे?

दुसरी गोष्ट अशी की मेल माझ्याच पत्त्यावरून गेला. पत्ता नीट बघा, पत्ता बघा, असं आम्हाला प्रत्येक वेळी सांगतात. त्या मुलीनं पत्ता बघितला होता. मग तिची चूक काय?

मेलखोली

ताई, बाकीचं सावकाश बोलू. आधी एवढं करा, आणि मोबाइलवर नाही, संगणकावर करा. मेल उघडून सेटिंग्जमध्ये जा. आउटलुक असेल तर मेल आणि त्यात रूल्स. जीमेल असेल तर फिल्टर्स, आणि शेजारचं फॉरवर्डिंगसुद्धा. तुम्ही न बनवलेला एखादा नियम तिथे आहे का बघा. नाव विचित्र असेल, कदाचित नुसतं एखादं चिन्ह. सापडला तर लगेच पुसू नका. आधी स्क्रीनचा फोटो घ्या, मग बंद करा. इथे येऊन सांगा, मी बसलोय.

रसायन_प्रयोगशाळा

सापडला. माझे हात कापताहेत.

नियमाचं नाव म्हणजे फक्त एक टिंब. मेलमध्ये "काम", "अनामत", "मानधन", "फसवणूक", "खरं", "हॅक" यातला कुठलाही शब्द असेल, तर तो वाचलेला म्हणून खूण करून "आरएसएस फीड्स" नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरकडे सोळा वर्षांत मी कधी बघितलेलं नाही. आत 63 मेल आहेत.

सगळे वाचले. त्यात त्याच मुलीचा मेल आहे, गुरुवारी रात्रीचा. "मॅडम, हे खरंच तुम्हीच पाठवलंय ना? पैसे भरायचे म्हणून विचारते." आणि त्याखाली माझं उत्तर आहे. माझं म्हणजे माझ्या नावाचं. "हो बाळा, मीच पाठवलंय. निश्चिंत राहा."

मी मुलांना बाळाच म्हणते. ते त्यांनी माझ्या जुन्या मेलांतून उचललं असणार.

तिनं विचारलं होतं हो. पैसे भरायच्या आधी विचारलं होतं.

मेलखोली

ताई, पाणी प्या आणि मग हे वाचा. मी एका शिक्षणसंस्थेची मेलव्यवस्था बारा वर्षं सांभाळतोय. तुम्ही लिहिलेलं प्रत्येक पाऊल माझ्या ओळखीचं आहे. तुमच्या नावचं उत्तर जाण्याचा प्रकारही मी आधी पाहिलाय, आणि प्रत्येक वेळी तोच सगळ्यात जिव्हारी लागतो.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. तुम्ही उघडलेलं पान म्हणजे खऱ्या पानाची नुसती नक्कल नव्हती. मध्ये बसलेला दलाल होता तो. तुम्ही पासवर्ड टाकलात, त्यानं तो त्याच क्षणी खऱ्या मेलसेवेला दिला. खऱ्या सेवेनं तुम्हाला खरा ओटीपी पाठवला. तो तुम्ही दलालाच्या हाती दिलात, त्यानं पुढे सरकवला. खऱ्या सेवेनं दार उघडलं आणि आत वावरण्याचा परवाना दिला, त्याला सेशन कुकी म्हणतात. तो परवाना दलालानं स्वतःजवळ ठेवून घेतला आणि तुम्हाला तुमचा मेलबॉक्स दाखवला. म्हणून सगळं खरं दिसलं. ओटीपी कुचकामी आहे असं यातून कृपा करून कुणी समजू नये. चोरलेला पासवर्ड घेऊन दूरवरून दार वाजवणाऱ्याला तो अडवतोच. पण ओटीपी तुम्ही स्वतःच चुकीच्या पानावर टाकलात, तर ते पान चुकीचं आहे हे त्याला कळत नाही.

यावर टिकतो असा उपाय म्हणजे पासकी (पासवर्डऐवजी मोबाइलमध्ये किंवा संगणकात ठेवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीसारखी सुरक्षा-किल्ली. ती ज्या संकेतस्थळासाठी बनवली, तिथेच चालते. पान कितीही हुबेहूब असलं तरी पत्ता वेगळा असेल तर किल्ली उत्तरच देत नाही. डोळे फसतात, किल्ली फसत नाही. गूगलनं 2017 च्या सुरुवातीपासून कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या आणि 2018 मध्ये सांगितलं की तेव्हापासून 85,000 हून अधिक कर्मचाऱ्यांपैकी एकाचंही कामाचं खातं असं चोरीला गेल्याची नोंद नाही. संस्थांमध्ये हे पैशांवरून अडतं, मला माहीत आहे. निदान लेखा विभाग, परीक्षा विभाग आणि मेल सांभाळणारे, एवढ्यांना तरी द्या म्हणून मी वर्षानुवर्षं भांडतोय.

आता पासवर्ड बदलूनही नियम का राहिला? नियम मेलबॉक्समध्ये राहतो, पासवर्ड दारावर. कुलूप बदललं तरी आतल्या माणसानं भिंतीला पाडलेलं भोक बुजत नाही. म्हणून संगणक विभागाकडून आणखी चार गोष्टी करून घ्या आणि लेखी मागा, तोंडी नको. सगळ्या उपकरणांवरची चालू सत्रं (सेशन) तोडायला सांगा, नाहीतर तो जुना परवाना अजून चालत असू शकतो. ओटीपीसाठी तुमच्याशिवाय दुसरा कुणाचा नंबर किंवा ॲप जोडलंय का ते बघायला सांगा. हे फार वेळा राहून जातं आणि चोर महिन्याभरानं त्याच वाटेनं परत येतो. तुमच्या खात्याला परवानगी दिलेली बाहेरची ॲप्स तपासायला सांगा. आणि बुधवारपासून तुमच्या पत्त्यावरून कुणाकुणाला मेल गेले याची यादी काढायला सांगा. ती सर्व्हरवर निघते. सेंट फोल्डरवर विसंबू नका, तिथलं त्यांनी पुसलेलं असणार. ही यादीच सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण दारात येऊन उभी राहिली ती एकच मुलगी. बाकीची अजून आलेली नाहीत.

पत्त्याबद्दल विचारलंत. त्या मुलीची चूक शून्य. "पत्ता बघा" हा सल्ला अर्धा आहे, आणि तो आम्हीच देतो, म्हणून हे लिहिताना मला लाज वाटते. मेल पाठवण्याचे मूळ नियम 1982 साली ठरले. तेव्हा एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या संस्था जोडलेल्या होत्या, पाठवणारा खरा की खोटा हे तपासायची सोयच त्यात नव्हती. पाकिटावर मागे कुणाचंही नाव लिहावं तसं. मग पुढे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी तपासणी आली. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या मोजमापात रोज सुमारे 5,000 किंवा जास्त) ती बंधनकारक केली. चांगलं झालं. पण ही तपासणी एवढंच सांगते की मेल खरोखर त्या संस्थेच्या दारातून निघाला. तुमच्या खात्यातून गेलेला मेल खरोखरच तुमच्या संस्थेच्या दारातून निघाला होता. त्यामुळे तो सगळ्या चाळण्यांतून स्वच्छ पार पडला. कॉलेजांची खाती चोरण्यामागचं एक मोठं कारण हेच. कॉलेजचा पत्ता म्हणजे ओळखीच्या माणसाचा आवाज.

भाषेवरून ओळखा, व्याकरणाच्या चुका बघा, हाही सल्ला आता सोडून द्या. जुने मेल वाचून तुमच्यासारखं लिहिणं त्यांना जमतं. "बाळा" हा शब्द त्याचा पुरावा आहे.

त्या मुलीनं विचारलं, हे बरोबर केलं. फक्त विचारणं त्याच मेलच्या उत्तरात झालं, म्हणजे प्रश्न चोराकडेच गेला. मुलांना एवढंच सांगा : मेलबद्दल शंका असेल तर मेलवर विचारायचं नाही. खोलीत या, फोन करा, शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवा. आणि फोन करायचा तो आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

लेखाविभाग_टेबल

मी एका विद्यापीठाच्या लेखा विभागात पगारबिलं बघते. वरचं सगळं वाचून थोडं आमच्या बाजूचं सांगते, कारण मुलांना अनामत भरायला लावतात तसं आम्हाला बँक खातं बदलायला लावतात.

मेल असा येतो : "माझं बँक खातं बदललं आहे, या महिन्याचा पगार नव्या खात्यात जमा करावा." खाली प्राध्यापकांचं नाव, पद, सही, सगळं. एकदा मी ते जवळजवळ केलं होतं. रजिस्टरात जुना नंबर होता म्हणून सहज फोन लावला, तर सर म्हणाले, मी काही पाठवलेलं नाही. तो फोन मी केवळ खात्याच्या नंबरात एक आकडा कमी वाटला म्हणून केला होता. आकडे बरोबर असते तर केला नसता. ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

आता आमच्याकडे नियम आहे की मेलवरून खातं बदलायचं नाही. माणसानं स्वतः यायचं, नाहीतर आमच्या नोंदीतल्या नंबरवर आम्ही फोन करायचा. काही प्राध्यापक चिडतात, माझ्यावर विश्वास नाही का म्हणतात. विश्वास तुमच्यावर आहे सर, मेलवर नाही, असं मी सांगते.

कॅनडातल्या मॅकइवन विद्यापीठात 2017 साली हेच पुरवठादाराच्या नावानं झालं होतं. बांधकामाच्या कंत्राटदाराचं बँक खातं बदलल्याचे खोटे मेल आले, कर्मचाऱ्यांनी नोंद बदलली आणि 1 कोटी 18 लाख कॅनेडियन डॉलर भलत्याच खात्यांत गेले. खरा कंत्राटदार पैसे आले नाहीत म्हणून विचारू लागला तेव्हा कळलं. बराचसा पैसा नंतर परत मिळवता आला. बदल करण्याआधी नोंदीतल्या नंबरवर एक फोन केला असता तर एवढं घडलं नसतं.

मेलखोलीकरांनी सांगितलेला तो लपवणारा नियम इकडेही चालतो. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांबद्दल इशारा दिला होता. चोर कर्मचाऱ्याच्या मेलमध्ये शिरतो, तिथून पगाराच्या प्रणालीत जाऊन बँक खातं बदलतो, आणि "तुमचं खातं बदललं आहे" असा सूचनेचा मेल माणसाला दिसूच नये म्हणून तो पुसणारा नियम आधीच बनवून ठेवतो. तीन विद्यापीठांतली 11 खाती चोरांच्या हाती लागली आणि त्यांवरून 25 विद्यापीठांतल्या जवळपास 6,000 पत्त्यांवर पुढचे मेल गेले. ताई, तुमचा पगार कुठल्या खात्यात जाणार आहे ते आजच तुमच्या लेखा विभागात जाऊन डोळ्यांनी बघा.

दुसरी_बाजू

मी विद्यार्थिनी आहे, दोन वर्षांपूर्वी मीही अशीच फसले. माझ्या वेळी काम वेगळं होतं. माझ्या खात्यात पैसे येणार, त्यातला माझा वाटा ठेवून उरलेले "साहित्य पुरवणाऱ्याला" पाठवायचे. मला वाटलं पैसे तर येताहेत, जात नाहीत, मग फसवणूक कशी असेल? ते पैसे दुसऱ्या फसलेल्या माणसाचे होते. माझं खातं गोठलं आणि मी चोराची साथीदार नाही हे मला समजावून सांगावं लागलं. अमेरिकेत हाच प्रकार खोट्या चेकनं करतात. चेक जमा झालेला दिसतो, मुलगा पैसे पुढे पाठवतो, चेक खोटा निघाल्यावर बँक ती रक्कम मुलाकडून वसूल करते. एफबीआयनं जानेवारी 2017 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी याच्यावर इशारा काढला होता. तो मी फसल्यानंतर वाचला.

त्या मुलीला माझ्याकडून सांगा. बँकेला आजच कळव, उद्या नको, कारण पैसे पुढे पुढे सरकत जातात आणि प्रत्येक तासाला थांबवणं अवघड होतं. मग सायबर पोलिसांत तक्रार कर. त्या माणसाशी झालेलं बोलणं रागानं पुसून टाकू नकोस, मी पुसलं आणि नंतर दाखवायला काही उरलं नाही. त्याला "मला कळलंय तू चोर आहेस" असं लिहूही नकोस. बँकेत आणि पोलिसांत आधी जा.

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. काही दिवसांनी तिला कुणीतरी संपर्क करेल, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी भरा म्हणून. तोही चोर असतो. फसलेल्यांची यादी त्यांच्याकडे असते किंवा ती विकत मिळते. मी तिथेही भरले. त्या वेळी घरी सांगितलं असतं तर दुसऱ्यांदा गेले नसते. मी घरी सांगितलं नाही कारण पहिल्यांदा ज्याला सांगितलं तो म्हणाला, "एवढं शिकून तुला कळलं नाही?" ते वाक्य ऐकल्यावर मी चार महिने गप्प होते.

ताई, तुम्ही तिला असं काही म्हणाला नसणार, तुमच्या लिहिण्यावरून कळतं. तिच्यासोबत बसा.

रसायन_प्रयोगशाळा

दोन दिवस लिहायला जमलं नाही. सगळ्यांचे आभार कसे मानू?

संगणक विभागात मेलखोलीदादांनी सांगितलेल्या चारही गोष्टी कागदावर लिहून घेऊन गेले. ओटीपीच्या जागी माझ्या नंबराखाली आणखी एक ॲप जोडलेलं निघालं. म्हणजे पासवर्ड बदलल्यानंतरही वाट उघडीच होती. तिथल्या मुलानं ते माझ्यासमोर काढलं, सत्रं तोडली आणि यादी छापून दिली. 412 पत्ते. प्रथम वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत, त्यात आमचे दोन प्राध्यापकसुद्धा. पगाराचं खातं बघून आले, ते जागेवर आहे.

मेलनं सूचना पाठवावी असं प्राचार्यांच्या ऑफिसातून सुचवलं. मी म्हटलं, माझ्या पत्त्यावरून आता कुणाला काय पटेल? मग प्रत्येक वर्गात सकाळच्या पहिल्या तासाला स्वतः गेले. सात वर्ग. सोळा वर्षं मी फळ्यासमोर कधी बोललेले नाही, कायम मागे टेबलांमध्ये असते. जे झालं ते सांगितलं, माझा पासवर्ड कसा गेला तेही सांगितलं. त्या मेलला उत्तर दिलेलं कुणी असेल तर मला येऊन भेटा, रागावणार नाही, असं म्हटलं. वर्गात कुणी हात वर केला नाही. पण दुपारपर्यंत प्रयोगशाळेत एकेक करून अकरा जण आले. त्यांपैकी चौघांनी पैसे भरले होते. एकानं त्याच सकाळी दुसरी अनामत पाठवायची ठेवली होती, ती थांबली.

ती मुलगी आणि मी काल साठ्याच्या खोलीतल्या संगणकावर बसून तक्रार भरली. ते 63 मेल आणि नियमाचा फोटो जोडला. पुढच्या रकान्यात "आपण खात्री करून घेतली होती का" असा काहीसा प्रश्न होता. ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, लिही. हो, विचारलं होतं, आणि तारीख-वेळ घाल.

दुसरी_बाजू, तुझं लिहिलेलं तिनं माझ्या मोबाइलवर दोनदा वाचलं. काल संध्याकाळी तिनं घरी सांगितलं.